कादंबरीकाराला वाटेत भेटलेली माणसे

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण, वक्त्यांनी स्वतः लिहून दिल्याप्रमाणे)



संस्थेच्या पन्नास वर्षांच्या वाटचालीनिमित्त होणाऱ्या या व्याख्यानमालेत अध्यात्म, आरोग्य, करप्रणाली अशा विषयांवर अधिकारी व्यक्तींची व्याख्याने झाली. आज साहित्यावर बोलण्यासाठी एका कापड व्यापाऱ्याला उभे करण्यात आले आहे. माझी पदवी बी.कॉम., माझे आयुष्य मीटरपट्टी आणि कात्री यांच्या संगतीत गेले. वाचनाची गोडी मात्र लहानपणापासून आहे, आणि दुपारच्या वेळी गिऱ्हाईक नसताना गादीवर बसून मी पुष्कळ कादंबऱ्या वाचल्या, एवढाच काय तो माझा अधिकार. त्यामुळे साहित्याची समीक्षा मी करणार नाही. व्यापाऱ्याला जो प्रश्न पडतो तोच मला कादंबरी वाचताना पडत आला: या मालाचा कच्चा माल आला कुठून?

लेखक ग्रंथालयात बसतो, दफ्तरे चाळतो, हे आपण जाणतो. परंतु कादंबरीला जे हवे असते त्यातले बरेचसे ग्रंथालयात नसते. लग्नाच्या पंगतीत, आगगाडीच्या डब्यात, बोटीच्या डेकवर, दुकानाच्या ओट्यावर एखादा अनोळखी माणूस भेटतो आणि तो हवे ते देऊन जातो. अशा भेटींविषयी आज बोलायचे आहे.

प्रारंभ एका दुकानापासून करतो. ते दुकान आपल्याकडचे नाही, अमेरिकेतील बेव्हर्ली हिल्स या श्रीमंत वस्तीतले आहे. ऑक्टोबर १९८०मध्ये थॉमस केनेली नावाचे ऑस्ट्रेलियन कादंबरीकार तेथे आले होते. त्यांची हातातली बॅग खराब झाली म्हणून नवी घेण्यासाठी ते एका चामडी वस्तूंच्या दुकानात शिरले. दुकानदाराचे नाव लिओपोल्ड फेफरबर्ग. हा मूळचा पोलंडमधील ज्यू गृहस्थ, हिटलरच्या छळछावणीतून वाचलेला. बॅग पसंत पडली, पैसे क्रेडिट कार्डाने द्यायचे ठरले. कार्ड परदेशी, त्यामुळे त्याची फोनवरून खात्री होईपर्यंत बराच वेळ गेला. आपल्यापैकी कोणी असता तर गिऱ्हाइकाला चहा पाजला असता. फेफरबर्ग यांनी गिऱ्हाइकाचा व्यवसाय विचारला. गिऱ्हाईक लेखक आहे हे कळताच ते त्यांना दुकानाच्या मागच्या बाजूला घेऊन गेले आणि तेथील कपाटे उघडली. ऑस्कर शिंडलर नावाच्या जर्मन कारखानदाराने आपल्या कारखान्यात कामगार म्हणून दाखवून अकराशेहून अधिक ज्यूंचे प्राण कसे वाचवले, याची कागदपत्रे, छायाचित्रे आणि याद्या त्या कपाटांत होत्या. वाचलेल्यांत स्वतः दुकानदार आणि त्याची पत्नीही होती.

केनेली संकोचले. आपण ज्यू नाही, युद्धाच्या वेळी लहान मूल होतो, या विषयाची आपल्याला पुरेशी माहिती नाही, असे त्यांनी सांगितले. दुकानदाराचे म्हणणे असे की, माहिती नाही म्हणूनच तुम्ही योग्य आहात, कारण तुम्ही विचाराल. पुढे हा दुकानदार स्वतः लेखकाबरोबर पोलंडपर्यंत गेला. सात देशांत विखुरलेल्या सुमारे पन्नास माणसांच्या मुलाखती झाल्या. १९८२मध्ये ‘शिंडलर्स आर्क’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली, तिला त्याच वर्षी बुकर पारितोषिक मिळाले. १९९३मध्ये स्टीव्हन स्पीलबर्ग यांनी तिच्यावर काढलेला चित्रपट आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. पुस्तकाच्या अर्पणपत्रिकेत शिंडलर यांच्याबरोबर त्या दुकानदाराचेही नाव आहे.

याला लोक योगायोग म्हणतात. मला व्यापारी म्हणून त्यात निराळे काही दिसते. लेखकाच्या बाजूने तो योगायोग खरा; परंतु दुकानदाराच्या बाजूने पाहा. कितीतरी वर्षे तो माणूस गल्ल्यावर येणाऱ्या गिऱ्हाइकांना ही हकीकत सांगत होता. चित्रपट व्यवसायातली माणसे त्याच्या दुकानात येत, त्यांच्याही मागे तो लागला होता. साठच्या दशकात एक चित्रपट निघता निघता राहिला. कागद जपून, लावून ठेवलेले होते. माल तयार होता, फक्त घेणारा यायचा होता.

दुसरे उदाहरण समुद्रातले. जुन्या काळी देवमाशांची शिकार करणारी जहाजे वर्षानुवर्षे समुद्रावर असत. भर समुद्रात दोन जहाजे भेटली की ती थांबत, एका जहाजावरची माणसे दुसऱ्यावर जात, पत्रांची आणि बातम्यांची देवाणघेवाण होई. १८४१ साली पॅसिफिक महासागरात अशाच एका भेटीत हर्मन मेल्व्हिल नावाच्या तरुण खलाशाला ओवेन चेस यांचा मुलगा भेटला. हे चेस म्हणजे १८२० साली देवमाशाने धडक देऊन बुडवलेल्या ‘एसेक्स’ जहाजावरचे अधिकारी. मुलाने आपल्या पेटीतून वडिलांनी लिहिलेले त्या दुर्घटनेचे पुस्तक काढून वाचायला दिले. दहा वर्षांनी, १८५१मध्ये, मेल्व्हिल यांची ‘मोबी डिक’ प्रसिद्ध झाली.

बोटीचा विषय निघाला की अमरावतीकरांनी आपल्या गावच्या एका सुपुत्राचे स्मरण केलेच पाहिजे. विश्राम बेडेकर यांचा जन्म १९०६ साली अमरावतीचा. नाटक आणि चित्रपट हा त्यांचा व्यवसाय. चित्रपटकलेच्या अभ्यासासाठी ते इंग्लंडला गेले आणि दुसरे महायुद्ध पेटण्याच्या आधी बोटीने परतले. त्या काळी युरोपातून पूर्वेकडे येणाऱ्या बोटींवर जर्मनीतून परागंदा झालेली ज्यू कुटुंबे असत. बहुतेक देशांनी त्यांना दरवाजे बंद केले होते. शांघायमध्ये उतरण्यासाठी मात्र परवाना लागत नसे, म्हणून हजारो माणसे अनोळखी चीनच्या वाटेला लागली होती. १९३९मध्ये बेडेकरांची ‘रणांगण’ आली. चक्रधर विध्वंस हा मराठी तरुण आणि हॅर्टा ही जर्मन ज्यू तरुणी यांची बोटीवरची ती कथा पानांनी लहान आहे. परंतु त्या वेळी आपल्या वर्तमानपत्रांत तारेच्या चार ओळींत येणारी गोष्ट या पुस्तकात माणसांच्या तोंडून येते. बेडेकर ग्रंथालयात बसून राहिले असते तर निर्वासितांची संख्या त्यांना मिळाली असती, हॅर्टा मिळाली नसती. त्यांची पत्नी मालतीबाई, म्हणजेच विभावरी शिरूरकर, यांची ‘बळी’ ही कादंबरीही अशीच सोलापूरच्या गुन्हेगार म्हणून शिक्का मारलेल्या जमातींच्या वसाहतीत काम करताना भेटलेल्या माणसांतून आली. तेथे भेटी नोकरीच्या निमित्ताने झाल्या, एवढाच फरक.

गो. नी. दांडेकर यांचे नाव मी जाणीवपूर्वक थोडे मागे ठेवले होते, कारण त्यांच्यापाशी मला थांबायचे आहे. आप्पांचा जन्म ८ जुलै १९१६ रोजी परतवाड्यात झाला. वयाच्या तेराव्या वर्षाच्या सुमारास स्वातंत्र्य चळवळीच्या ओढीने घर सोडले आणि मग कित्येक वर्षे हा मुलगा रस्त्यावरच राहिला. गाडगे महाराजांच्या सहवासात राहिला, नर्मदेची परिक्रमा केली, धर्मशाळांत झोपला, भिक्षेवर जगला. शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. आज आपण ‘रिसर्च’ म्हणतो तो शब्द त्यांना कोणी शिकवला नसावा. परंतु मावळातल्या किल्ल्यावरचा म्हातारा, ठाकर वाडीतला ढोलिया, कोकणातल्या आगरातली माणसे हे सारे त्यांच्या पुस्तकांत आले ते चालता चालता भेटलेल्या लोकांकडून. पुढे भाक्रा-नांगल धरणाचे काम चालू असताना त्यांनी ‘आम्ही भगीरथाचे पुत्र’ लिहिली, तेव्हाही विषय माणसांचाच होता, सिमेंटचा नव्हता.

आपल्या दृष्टीने त्यांचे सर्वांत जवळचे पुस्तक ‘पूर्णामायची लेकरं’. सातपुड्यात उगम पावून अमरावती, अकोला, बुलडाणा या जिल्ह्यांतून वाहणारी आपली पूर्णा. तिच्या दोन्ही तीरांवरचा खारपाण पट्टा आपण सर्वांनी पाहिला आहे: जमीन काळीभोर, विहिरीला पाणी भरपूर आणि ते तोंडात धरवत नाही. त्या भागात मुलगी देताना जुन्या काळी गोड्या पाण्याची चौकशी होत असे. ही माहिती गॅझेटियरमध्ये कोरड्या शब्दांत मिळेल. तिथला शेतकरी बायकोशी कसा बोलतो ते मात्र पारावर बसल्याशिवाय कळत नाही. आप्पांनी ती कादंबरी आपल्या वऱ्हाडी बोलीत लिहिली. पुण्याजवळ तळेगावात राहणाऱ्या लेखकाने ती बोली कानात इतकी वर्षे कशी जपली असेल, याचे मला नेहमी आश्चर्य वाटते.

१९८१मध्ये अकोल्यात अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले आणि अध्यक्षपदी गो. नी. दांडेकर होते. मी त्या वेळी मामांकडे राहून अकोल्यात बी.कॉम. करीत होतो. मंडपात मागच्या बाजूला उभे राहून आम्ही मित्रांनी त्यांना पाहिले. दाढी, खणखणीत आवाज, आणि व्यासपीठावरून उतरताच भोवती माणसांचा गराडा. त्या गराड्यात ते सही देत होतेच, पण समोरच्या खेडुताला त्याचे गाव आणि पीक विचारीत होते, हे मला विशेष वाटले होते.

उद्धव शेळके यांच्या ‘धग’चा उल्लेख केला नाही तर अमरावतीकर मला क्षमा करणार नाहीत. १९६० सालची ही कादंबरी. कौतिक आणि तिचा शिंपी नवरा महादेव यांचा संसार दारिद्र्यात कसा होरपळतो, त्याची कथा. समीक्षकांनी तिच्यावर पुष्कळ लिहिले. मी फक्त कापडवाल्याची साक्ष देतो. वऱ्हाडात कापडाचा धंदा कपाशीच्या मागे चालतो. दसऱ्यानंतर बोंडे फुटतात, कापूस बाजारात येतो, मग शेतकऱ्याच्या हातात पैसा खेळतो आणि लुगडी-धोतरांची खरेदी होते. आषाढ-श्रावणात गिऱ्हाईक उधारीशिवाय येत नाही. दुकानाच्या ओट्यावर मशीन मांडून बसणाऱ्या शिंप्याचे पोट याच चक्रावर असते आणि त्याच्याकडे तर उधारी झेलण्याइतके भांडवलही नसते. हे अर्थशास्त्र ‘धग’मध्ये कोठेही समजावून सांगितलेले नाही, तरी पानापानांत आहे. ज्याने अशी माणसे जवळून पाहिली नाहीत त्याला ते लिहिता आले नसते.

आता थोडे घरचे सांगतो. यात आत्मप्रौढी नाही, कारण यात मी फक्त शेजारी बसलेला होतो.

१९९६च्या मे महिन्यात अकोल्यात आमच्या नात्यातले लग्न होते. आपल्याकडे सूर्यास्तापूर्वी जेवणाची पंगत बसते. वरपक्षाच्या ओळखीचे एक गृहस्थ, जैनेतर, रात्रीच्या गाडीने जायचे म्हणून आमच्याबरोबर लवकर जेवायला बसले. बोलता बोलता कळले की ते कादंबरीकार आहेत. त्यांचे नाव मी घेत नाही, त्यांचीच तशी इच्छा होती. माझा कापडाचा धंदा आहे म्हटल्यावर त्यांनी वाढलेले ताट बाजूला सारल्यासारखे केले आणि विचारले, “१९५६ साली अमरावतीच्या बाजारात मजूर बाई लुगडे घ्यायला आली, तर ती कोणते मागायची? किती पैशांना? रोख की उधार?” वर्षभर ते हे शोधत होते. गिरण्यांचे गाठींचे भाव त्यांना मिळाले होते, सरकारी अहवाल मिळाले होते. पण बाई दुकानाची पायरी चढल्यावर काय होत असे, ते कोणत्याही अहवालात नव्हते. मी म्हटले, माझा जन्म त्यानंतरचा. वडील आहेत, बह्या आहेत. आपण या.

पुढच्याच आठवड्यात ते अमरावतीला आले. माळ्यावरून लाल कापडी पुठ्ठ्याच्या बह्या काढल्या. पाने उलटली आणि गृहस्थ हताश झाले. सारा मजकूर महाजनी लिपीत, काना-मात्रा न देता लिहिलेला. ‘काकाजी अजमेर गये’ या निरोपाचे ‘काकाजी आज मर गये’ झाले आणि घरात रडारड सुरू झाली, हा विनोद आपल्यापैकी प्रत्येकाने आजोबांकडून ऐकला आहे. तीच ही लिपी. तेव्हा वडिलांना वाचून दाखवावे लागले. वडील स्वभावाने अबोल. दुकानात भाव सोडून दुसरे बोलणे नाही आणि घरात तेही नाही. मला त्यांच्या तरुणपणाविषयी फारसे काही ठाऊक नव्हते. विचारण्याची आमच्या पिढीत पद्धतही नव्हती. ते गादीवर बसून एक एक ओळ वाचू लागले आणि समोर एक परका माणूस प्रश्न विचारू लागला.

संवत २०१३ची बही १९५६च्या दिवाळीला सुरू झालेली. पहिल्या पानावर वीर संवत २४८३ आणि विक्रम संवत २०१३, खाली स्वस्तिक. त्या दिवाळीच्या सुमारास, १ नोव्हेंबरला, आपला विदर्भ मध्य प्रदेशातून निघून द्विभाषिक मुंबई राज्यात गेला. एप्रिल १९५७पासून रोजमेळात आणे जाऊन नवे पैसे आले. त्या महिन्याच्या पानांवर दोन्ही हिशेब शेजारी शेजारी लिहिलेले, कारण गिऱ्हाईक आण्यातच बोले. २० डिसेंबर १९५६ची ओळ जवळजवळ कोरी होती. वडिलांनी सांगितले, वलगावजवळ गाडगे महाराजांनी देह ठेवल्याची बातमी आली आणि बाजार आपोआप बंद झाला. ते अंत्ययात्रेत चालत गेले होते. आयुष्यभर चिंध्यांची गोधडी पांघरलेल्या माणसासाठी कापड बाजार बंद होता, हे सांगताना ते किंचित हसले. ही गोष्ट मी त्या दिवशी प्रथम ऐकली. माझे वय तेव्हा सदतीस होते.

मग लेखकांनी त्याआधीची, संवत २०१२ची बही मागितली आणि आश्विन महिना काढायला सांगितला. वडील वाचत गेले. पांढरे लुगडे. पांढरे मांजरपाट. पुन्हा पांढरे लुगडे. सदऱ्याचे पांढरे कापड. दसऱ्याच्या तोंडावर आठ-दहा दिवस पांढऱ्या कापडाच्याच नोंदी. आपल्याला माहीत आहे, सणाला वऱ्हाडातली बाई हिरवे, लाल, जांभळे मागते. कोरे पांढरे मागायला माणूस येतो तो दुःखाच्या प्रसंगी. लेखक वाट पाहत होते. वडिलांनी चष्मा काढला आणि म्हणाले, “हो. ते नागपूरला चालले होते.”

१४ ऑक्टोबर १९५६, विजयादशमी. नागपूरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लक्षावधी अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. शुभ्र वस्त्रे नेसून यावे, असे सांगितलेले होते. नागपुरात पांढऱ्या साड्या मिळेनाशा झाल्या, असे चरित्रकारांनी नोंदवून ठेवले आहे. आमच्या बहीत त्याच घटनेचे एक लहानसे पान होते, आणि चाळीस वर्षे ते आमच्या माळ्यावर पडून होते.

लेखकांचा पुढचा प्रश्न सरळ होता: यातली उधारी किती? वडील बराच वेळ गप्प राहिले. मग त्यांनी सांगितले की एकही नाही. इतर वेळी त्याच माणसांना कापसाच्या पैशावर उधार मिळत असे. त्या दसऱ्याला आजोबांनी हात आखडला. ही माणसे परत येतील की नाही, आली तर जुने देणे मानतील की नाही, अशी शंका बाजारात होती, आणि आजोबा बाजाराबाहेरचे नव्हते. वडील तेव्हा विशीतले. गादीवर बसून ते पाहत होते की एक बाई पायरी उतरून शेजारी सराफाकडे गेली, पायातले वाळे मोडले आणि परत येऊन रोख पैसे मोजून लुगडे घेतले. घासाघीस केली नाही. “ती नेहमी फार घासाघीस करायची,” एवढे बोलून वडील थांबले.

बंधूंनो, अडचण येथून सुरू झाली. लेखकांना हा प्रसंग कादंबरीत घ्यायचा होता. माझ्या काकांना कळले तेव्हा ते संतापले. आजोबांनी धर्मशाळेला पैसे दिले, दुष्काळात धान्य वाटले, ते कोणी लिहीत नाही आणि हेच का लिहायचे, असा त्यांचा प्रश्न. त्यांच्या म्हणण्यात तथ्य नव्हते असे मी म्हणणार नाही. बह्यांत गिऱ्हाइकांची नावे, गावे, अंगठे असतात. त्यांची नातवंडे आज आपल्यात वावरतात, काही डॉक्टर आहेत, काही प्राध्यापक आहेत. कोणाच्या आजीने काय मोडून काय घेतले, हे जगाला दाखवण्याचा अधिकार दुकानदाराला आहे का? व्यापारात गिऱ्हाइकाचे गुपित ही ठेव असते.

वडिलांनी तोडगा काढला तो असा. बाईचे नाव आणि गाव द्यायचे नाही. लेखकांना ते त्यांनी सांगितलेच नाही, त्या ओळीवर बोट ठेवून पुढे वाचले. दुकानाचे नाव, गल्ली बदलायची. आजोबांनी उधारी नाकारली ही गोष्ट मात्र बदलायची नाही. काका दोन वर्षे आमच्याकडे दिवाळीच्या पूजनाला आले नाहीत. वडिलांनी त्यांना निरोप पाठवणे सोडले नाही. तिसऱ्या वर्षी ते आले, बसले, त्या विषयावर बोलणे झाले नाही.

कादंबरी प्रसिद्ध झाली तेव्हा वडिलांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन नुकतेच झाले होते. ते प्रकरण मी त्यांना वाचून दाखवले. ऐकून ते म्हणाले, लुगड्याचा भाव चुकला आहे, दोन आणे जास्त लावला. बाई बरोबर आहे. मी तसे पत्र लेखकांना लिहिले आणि दुसऱ्या आवृत्तीत भाव दुरुस्त झाला.

त्या चार दिवसांत लेखकांना एका प्रकरणाची सामग्री मिळाली. आम्हाला काय मिळाले, त्याचा हिशेब मी अजून मांडू शकलेलो नाही. वडील गेले त्याला आता बरीच वर्षे झाली. त्यांच्या तरुणपणाविषयी मी माझ्या मुलांना जे सांगू शकतो, ते जवळजवळ सगळे त्या अनोळखी गृहस्थांनी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे आहेत.

आपल्या समाजाला या विषयाची आणखी एक बाजू जवळची आहे. अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजात, म्हणजे पुढे विदर्भ महाविद्यालय म्हणून ओळखल्या गेलेल्या कॉलेजात, डॉ. हिरालाल जैन संस्कृतचे प्राध्यापक होते. कारंजा येथील मंदिरांच्या शास्त्रभांडारांतून शेकडो वर्षे बस्त्यांत बांधून ठेवलेल्या अपभ्रंश भाषेतील हस्तलिखितांवर त्यांनी काम केले. पुष्पदंत कवीचे ‘णायकुमारचरिउ’ १९३३मध्ये त्यांनी संपादित करून प्रसिद्ध केले. १९३९पासून धवला टीकेसह ‘षट्खंडागम’चे खंड निघू लागले, ते याच अमरावतीतून. प्राध्यापक विद्वान होते हे खरेच. परंतु भांडाराची किल्ली ज्याच्या कमरेला होती त्याने दार उघडले नसते तर विद्वत्ता पायरीवरच बसून राहिली असती. त्या किल्लीवाल्यांची नावे ग्रंथांच्या प्रस्तावनांत एखाद्या ओळीत येतात, ती कोणी वाचत नाही. मी वाचतो, कारण ती बहुधा आपल्या दुकानदारांची असतात.

आज कापड बाजाराचे रूप पालटले आहे. ठोक व्यापार गावाबाहेर बिझीलँड, सिटीलँडमध्ये गेला. अकोल्याची सावतराम मिल, बडनेऱ्याची विजय मिल, यांचे भोंगे नव्या पिढीने ऐकलेले नाहीत. हिशेब संगणकावर गेला, आणि जीएसटी आल्यापासून तर कागदाला विचारतो कोण! दुकाने लहान होत आहेत, माळे रिकामे होत आहेत. गेल्या वर्षी आमच्याच ओळीतल्या एका दुकानातून तीन पोती बह्या रद्दीत गेल्या. रद्दीवाल्याला पुठ्ठे वेगळे हवे होते म्हणून त्याने ती रस्त्यावर बसूनच फाडली. मी गेलो तेव्हा एक बही हाती लागली, बाकी गेल्या होत्या.

संस्थेच्या कार्यालयात एक लोखंडी कपाट रिकामे आहे, ते यासाठी द्यावे अशी विनंती मी विश्वस्त मंडळाला केली आहे आणि अध्यक्षांनी ती मान्य केली, याबद्दल त्यांचे आभार. ज्यांच्या घरी १९६०पूर्वीच्या बह्या, पत्रांच्या फायली, जाकड वह्या असतील त्यांनी त्या आणून द्याव्यात. ज्यांना नावांची चिंता वाटते त्यांनी तसे स्पष्ट सांगावे; त्या बह्या पोतडीत बांधून, वर चिठ्ठी लावून ठेवू, घरच्यांच्या परवानगीशिवाय उघडणार नाही. आमच्या संवत २०१२ आणि २०१३च्या दोन बह्या मी आज सोबत आणल्या आहेत, कार्यक्रमानंतर येथेच पाहता येतील.

महाजनी वाचणारी माणसे आता आपल्या गावात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. वडिलांकडून मी ती कामापुरती शिकलो. ज्यांना आपल्या घरची बही वाचून हवी असेल, मग ते कोणी लेखक असोत, विद्यार्थी असोत, की आजोबांचे अक्षर ओळखू न शकणारी नात असो, त्यांनी दुपारी दोन ते चारच्या दरम्यान दुकानात यावे. त्या वेळी गिऱ्हाईक कमी असते.